बांधावरची बोरी आणि बोराचा आकार

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले. आता मला अर्धा तास अशा झाडावर बोलायचे आहे, ज्याची पीकपाहणीत बहुधा नोंदही नसते. बांधावरची बोरी. या मंडपात असा शेतकरी सापडणे कठीण आहे, ज्याच्या बांधावर, धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ एकही बोरी नाही. काहींची गावरान, आपोआप उगवलेली. काहींची कलमी. १९९० साली राज्यात रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हापासून हलक्या रानात उमराण, कडाका, मेहरूणची पुष्कळ कलमे लागली. त्यातली बरीच मेली. जी जगली ती आज डेरेदार झाडे आहेत.

गावोगावच्या बैठकीत या झाडांबद्दल एकच प्रश्न येतो. झाड जुने झाले, चांगले वाढले, खच्चून फुलते, सुरुवातीला बोर सुपारीपेक्षा मोठे यायचे, आता दरवर्षी बारीक होत चालले आहे. साहेब, याला काय टाकावे?

या प्रश्नातला 'टाकावे' हा शब्द दुकानदाराने आपल्या तोंडात बसवलेला आहे. पीक पिवळे पडले, काय टाकावे. पाते गळाले, काय टाकावे. बोरासाठीही 'फुगवणीची' बाटली दुकानात मिळते. माझे उत्तर असे की, आधी काही टाकू नका, आधी कापा. झाड जेवढे मोठे तेवढे फळ मोठे, हा आपला समज आहे. बोरीच्या बाबतीत तो उलटा आहे. ती दरवर्षी लहान केली तरच तिचे फळ मोठे होते.

याचे कारण समजून घ्या, म्हणजे हात चालवताना भीती वाटणार नाही. बोरीला फूल येते ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर, पानाच्या बगलेत. जुन्या लाकडावर येत नाही. ज्या झाडाला वर्षानुवर्षे कोयता लागला नाही, त्याच्या शेंड्याशेंड्यांवर दर पावसाळ्यात हजारो बारीक, आखूड फुटी निघतात. प्रत्येक फूट फुलते, थोडीफार धरते. खालून मुळे पाणी आणतात ते तेवढेच. परतीचा पाऊस गेला की जमिनीतल्या ओलीची गोळाबेरीज ठरलेली असते. तेवढ्या ओलीवर पाच हजार बोरे पोसायची की दोन हजार, एवढाच हिशोब आहे.

हा हिशोब तुम्हाला नवा नाही. ज्वारीची विरळणी केली नाही तर काय होते हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. ताटे दाट, कणीस मुठीत मावेल एवढे, दाणा बारीक. विरळणी करताना आपण हिरवीगार, जिवंत रोपे उपटतो आणि त्याचे वाईट वाटून घेत नाही. बोरीची छाटणी म्हणजे झाडाच्या अंगावर केलेली विरळणी.

हिमाचल आणि काश्मीरमधले सफरचंदवाले हेच करतात. फक्त सफरचंदाची तऱ्हा वेगळी. तिथे एका गुच्छात पाच-सहा फुले येतात आणि तीही जुन्या लाकडावरच्या आखूड फुटींवर. म्हणून त्यांना छाटणी करून भागत नाही, लहान फळे हाताने किंवा औषधाने विरळ करावी लागतात. एका चांगल्या सफरचंदामागे तीस-चाळीस पाने लागतात, असा त्यांचा ठोकताळा आहे. बोरीवर फळे हजारांनी असतात, ती हाताने कोण विरळ करणार? तेवढी मजुरी त्या मालातून निघणार नाही. बोरीची विरळणी मे महिन्यात, कोयत्यानेच करायची. बोराला गरिबांचे सफरचंद म्हणतात ते उगाच नाही. 'क' जीवनसत्त्वात तर ते सफरचंदाच्या पुष्कळ पुढे आहे. पण गरिबांचे म्हणून गरिबीतच ठेवले पाहिजे असे कुठे आहे?

आता पैशाची बाजू. भावाबद्दल मी नंतर बोलेन, आधी वेचणीबद्दल. आपले गावरान बोर समजा सहा ग्रॅमचे धरले. एक किलो भरायला एकशे साठच्या वर बोरे तोडावी लागतात. तीस ग्रॅमचे उमराण धरले तर तेहतीस-चौतीस बोरांत किलो भरतो. काटे दोन्हीला आहेत, हात दोन्हीकडे ओरबाडतो. म्हणजे बारीक बोराच्या किलोला जवळजवळ पाचपट वेळा हात काट्यात जातो. तो हात बहुतेक घरातल्या बाईचा असतो आणि त्याची मजुरी कुणी मांडत नाही. मजूर लावून वेचायची म्हटली तर बारीक बोर झाडावरच वाळते, कारण वेचणीच विक्रीपेक्षा महाग पडते. आकार वाढला की भाव वाढो न वाढो, वेचणीचा खर्च त्याच दिवशी कमी होतो. हा फायदा व्यापाऱ्याला हिरावून घेता येत नाही.

झाड काढून टाकू नका

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ॲपल बोर आले. हिरवे, गुळगुळीत, मोठे. पुष्कळांनी लावले. ज्यांच्याकडे पाण्याची सोय होती त्यांनी काही काळ पैसेही केले. माझा त्याला विरोध नाही. चव काकडीच्या जवळ जाते, असे माझे मत आहे, पण गिऱ्हाईक घेते तर आपण कशाला भांडावे? मला सांगायचे आहे ते एवढेच की, नव्या रोपाच्या नादात जुनी बोरी मुळासकट काढू नका. त्या झाडाची किंमत वर दिसते त्यात नाही, जमिनीखाली आहे. पंधरा-वीस वर्षांत तिची मुळे मुरूम फोडून खाली गेली आहेत. जिथे कापूस ऑक्टोबरात माना टाकतो तिथे ती हिरवी उभी असते. हे भांडवल तुमच्या बापाने किंवा पाखरांनी फुकट घालून दिलेले आहे. नव्या रोपाला तेवढे मूळ करायला किती वर्षे आणि किती टँकर लागतील? वरचा भाग बदलता येतो. मूळ विकत मिळत नाही.

केव्हा कापायचे

बोरी उन्हाळ्यात पाने गाळते आणि झोपते. झाडाने आपले अन्न मुळाखोडात साठवलेले असते. तीच वेळ छाटणीची. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. फार लवकर कापले तर फूट भर उन्हात येते आणि करपते. फार उशिरा, नव्या पालवीनंतर कापले तर झाडाने पालवीवर घातलेला खर्च वाया जातो, फुलोरा मागे पडतो आणि बोर ओल संपल्यावर पोसायला लागते. कोरडवाहू माणसाला उशीर परवडत नाही. आज चैत्र संपत आला आहे, म्हणून हा विषय आज घेतला.

सोयही पाहा. मे महिन्यात रानात दुसरे काम कमी. छाटलेल्या काट्या कुंपणाला लागतात, त्या नाहीतरी आपण कुठून तरी तोडून आणतोच. शिवाय जून-जुलैत झाडाचा घेर लहान असतो, त्यामुळे बांधाकडेच्या कापसाच्या दोन-तीन तासांना ऊन मिळते. बोरीखाली पीक येत नाही अशी तक्रार करून झाडाला आग लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. छाटलेली बोरी एवढी आडवी येत नाही.

किती कापायचे

इथेच हात कचरतो. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, जिवंत झाड कापू नये. त्यांना ज्वारीच्या विरळणीचे उदाहरण द्या आणि एक झाड करून दाखवा. दुसरा वाद घालू नका.

जे कलमी झाड दरवर्षी थोडेफार छाटले जाते त्याचे काम सोपे. गेल्या हंगामात वाढलेली मुख्य फांदी ओळखा. तिची साल नवी, रंग वेगळा असतो. तिचा बुडाकडचा निम्म्याच्या आसपास भाग ठेवायचा, डोळे मोजायचे तर पंधरा ते वीस, आणि पुढचा शेंडा काढून टाकायचा. तिच्यावरच्या बारीक बगलफुटी सगळ्या काढायच्या. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, जमिनीकडे लोंबणाऱ्या फांद्या काढायच्या. मधोमध सरळ वर जाणारे पाणसोट काढायचे, म्हणजे झाडाच्या पोटात ऊन आणि वारा जाईल. आणि कलमाच्या जोडाच्या खाली जे काही फुटले असेल ते दया न दाखवता काढायचे. ती खुंटाची, म्हणजे रानबोराची फूट असते. पुष्कळांचे कलमी झाड 'गावरान झाले' म्हणतात, ते झालेले नसते. खुंट वाढतो, कलम दबून मरते. आपण मात्र रोपवाटिकेला शिव्या देत बसतो.

जमीन पाहून हात कमीजास्त करा. खोल काळ्या रानातल्या झाडाला डोळे थोडे जास्त ठेवले तरी ते पोसते. मुरमाड, दीड फुटावर खडक लागणाऱ्या रानात हात कडक ठेवा.

जे झाड दहा-बारा वर्षे छाटलेलेच नाही त्याला वरवर भादरून उपयोग नाही. त्याच्या जाड फांद्याच करवतीने कापाव्या लागतात, खोडापासून हात-दीड हात ठेवून. कुऱ्हाडीने नको, लाकूड चिरते आणि त्या चिरेत पाणी, कीड शिरते. काप तिरका घ्या म्हणजे पाणी थांबणार नाही. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांड्यात नाही, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या. दीड-दोन महिन्यांत भरमसाट फुटी निघतील. त्यातल्या प्रत्येक फांदीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या दोन-तीन ठेवा, बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडा. हे खुडणे लोक विसरतात आणि दोन वर्षांत झाड होते तसे होते.

एक स्पष्ट सांगतो. जाड फांद्या कापल्या त्या वर्षी माल कमी येणार. काही झाडांवर नावालाच येईल. म्हणून ज्याच्याकडे चार झाडे आहेत त्याने या वर्षी दोन करावीत, पुढच्या वर्षी दोन. नियमित छाटणीतसुद्धा फळांची संख्या कमी होणारच, ती कमी करण्यासाठीच तर कापतो आहोत.

गावरान असेल तर

छाटणीने गावरान बोर थोडे जाड होईल, पण त्याचे उमराण होणार नाही. जातीची मर्यादा कोयत्याने ओलांडता येत नाही. तिथे डोळा भरावा लागतो. झाड एप्रिल-मेमध्ये कमरेच्या उंचीवर करवतीने कापा. जोमदार फुटींपैकी चारही दिशांना मिळून चार-पाच ठेवा. जून अखेरपासून ऑगस्टपर्यंत त्या पेन्सिलीएवढ्या जाड होतात. मग चांगल्या मातृझाडाची डोळकाडी आणून डोळे भरा. मातृझाड ऐकून ठरवू नका. त्याचे बोर तुम्ही स्वतः हंगामात खाल्लेले असले पाहिजे. डोळकाडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी वापरा. सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर, त्यात ढालीच्या आकाराचा डोळा, वरून प्लॅस्टिकची पट्टी, डोळा उघडा. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर वरची फूट कापून टाका. मूळ जुने असल्याने वाढ झपाट्याने होते आणि नव्या रोपापेक्षा लवकर, दुसऱ्या हंगामात बोरे चाखायला मिळतात.

संत्र्याच्या भागात डोळे भरणारी माणसे गावोगाव आहेत. आपल्या भागात ती नाहीत. तालुक्यातल्या दोन-तीन तरुणांनी हे शिकून घेतले तर पावसाळ्यातल्या दोन महिन्यांची मजुरी त्यांना घराजवळ मिळेल.

सगळ्या गावरान बोरी मात्र बदलू नका. एखादी ठेवा. संक्रांतीच्या सुगडात आणि लेकरांच्या बोरन्हाणात बारीक, आंबटगोड बोरेच लागतात. तेव्हा आठ दिवस त्यालाही गिऱ्हाईक असते. उरलेल्याचे वाळवून बोरकूट होते.

पाणी, खत आणि रोग

यावर थोडक्यात. मोठ्या झाडाला पावसाच्या तोंडावर चाळीस-पन्नास किलो शेणखत आणि अर्ध्या किलोच्या आसपास युरिया दोन हप्त्यांत. निम्मा पाऊस लागल्यावर, निम्मा फळ धरल्यावर, ओल असताना. खत खोडाला टेकवून टाकू नका. खाणारी मुळे झाडाच्या सावलीच्या कडेला असतात.

पाण्याचे म्हणाल तर बोर पोसण्याचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका पाऊस गेल्यानंतरचा. त्यासाठी सप्टेंबरातच झाडाभोवती उताराच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घाला, शेवटचे पाणी तिथे मुरू द्या आणि वर धसकटे, तुरकाट्या, गवत जे असेल ते पसरा. बोर वाटाण्याएवढे झाल्यावर एखादे पाणी देता आले तर ते फुगवणीच्या दहा बाटल्यांपेक्षा जास्त काम करते. ते एक पाणी असेल तर तेव्हाच द्या, उन्हाळ्यात झोपलेल्या झाडाला देऊ नका.

थंडी सुरू झाली की भुरी येते. पांढरी पूड धरलेले बोर वाढत नाही, खरबरीत होते, तडकते, गळते. फळ वाटाण्याएवढे असताना पाण्यात मिसळणारे गंधक दहा लिटरला पंचवीस ग्रॅम, गरज पडली तर पंधरा दिवसांनी पुन्हा. पोटात अळी निघते ती फळमाशीची. तिचा कोष झाडाखालच्या मातीत असतो, म्हणून छाटणीनंतर झाडाखाली खणून माती उन्हात तापू द्या आणि हंगामात गळालेली बोरे रोज वेचून खोल पुरा. नुसते हे दोन महिने नेटाने केले तरी किडके बोर पुष्कळ कमी होते.

आणि हात जोडून सांगतो, कापसाच्या पंपात उरलेले औषध 'चला, बोरीवर मारून टाकू' म्हणून मारू नका. कापूस कुणी खात नाही. बोर पोरे झाडाखाली उभी राहून, न धुता खातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

विकताना

बोर मोठे केले आणि गोणीत बारीक-मोठे एकत्र भरून पाठवले, तर सगळी मेहनत व्यापाऱ्याला दान. गोणीत हात घालून तो बारीकच बोर वर काढतो आणि त्याच्यावर सगळ्या गोणीचा भाव पाडतो. निवड आपल्या अंगणात करा. मोठे, मध्यम आणि बारीक असे तीन ढीग. मोठ्याला गोणी नको, क्रेट किंवा खोके वापरा, कारण दबलेले बोर दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते. फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक राज्यात २०१६ साली मिळाली. ती मोठ्या गाडीवाल्यासाठीच आहे असे समजू नका. तालुक्याच्या ठिकाणी शाळेसमोर, बसस्थानकासमोर पाटी घेऊन बसणारी बाई आपल्याकडूनच घेते, फक्त मध्ये दोन हात असतात. चार-पाच घरांचे मोठे बोर एकत्र केले तर एक टेम्पो भरतो. त्याचा भाव तोंडावर, रोख ठरवा.

शेवटी कामाचे बोलू. माझ्यावर विश्वास ठेवून सगळी झाडे छाटा, असे मी म्हणत नाही. शेजारी शेजारी असलेली, एकाच जातीची दोन झाडे निवडा. एक या पंधरा दिवसांत सांगितले तसे छाटा, दुसऱ्याला हात लावू नका. दोन्हींना खतपाणी सारखे द्या. जानेवारीत दोन्हींची न निवडलेली शंभर-शंभर बोरे किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. किती तास वेचणी लागली, किती किलो निघाले आणि काय भाव आला, हे वहीत लिहा. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत गावाचे नाव लिहून द्यावे. आपल्याकडे दोन करवती आणि तीन सिकेटर आहेत, त्या अक्षय्यतृतीयेनंतर गावागावांत फिरवू. पहिले झाड मी स्वतः येऊन छाटून दाखवीन. बोर्डो पेस्टचा मोरचूद आणि चुना मात्र ज्याचा त्याने आणून ठेवायचा.